कुलूप शाबूत, घर रिकामं: बडोद्यातल्या घरासाठी घरफोडीपासून बचावाची तयारी

आमच्याकडे चोरी झाली तेव्हा कुलूप तुटलं नव्हतं. मांजलपूरच्या आमच्या टेनामेंटच्या, म्हणजे सोसायटीतल्या स्वतंत्र घराच्या, मागच्या दाराला सात लिव्हरचं वजनदार कुलूप होतं. नणंदेच्या मुलाच्या मुंजीला चार दिवस पुण्याला जाऊन आलो, तर ते कुलूप मागच्या चोकडीत (भांडी-कपडे धुवायच्या जागेत) फरशीवर पडलेलं, बंदच्या बंद, कडी-कोयंड्यासकट. कोयंड्याच्या भोकांत चारही स्क्रू तसेच अडकलेले होते. अर्ध्या इंचाचे स्क्रू, टोकाला लाकडाचा भुसा. कटावणीचा एकच हिसका पुरला असणार. कुलूप घेताना मी पैशाकडे पाहिलं नव्हतं, पण कोयंडा घर बांधलं तेव्हाचाच होता आणि त्याच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

त्यानंतरच्या काही महिन्यांत सुतार, ग्रिल करणारे, विमा एजंट आणि पोलीस ठाण्यातले कर्मचारी अशा सगळ्यांना विचारून मी घर पुन्हा नीट केलं. शिकलेलं एका जागी असावं म्हणून हे लिहिते आहे. यातली बरीचशी कामं एका रविवारी, थोड्या पैशांत होतात. ज्या क्रमाने सांगते आहे त्याच क्रमाने करा, कारण बहुतेक जण कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात आणि दार तसंच राहतं.

आधी घर बाहेरून बघा

संध्याकाळी दिवे लागल्यावर घराला बाहेरून कुलूप लावा आणि सगळ्या बाजूंनी एक फेरी मारा. किल्ली नसती तर मी आत कुठून शिरले असते, एवढाच प्रश्न मनात ठेवा. सोबत कागद-पेन्सिल घ्या. कुठे अंधार आहे, कुठल्या भिंतीवर पाय देऊन चढता येतं, एसीच्या बाहेरच्या युनिटचा स्टँड खिडकीखाली येतो का, कुंपणालगत मोडकी खुर्ची किंवा शिडी पडली आहे का, हे लिहून काढा. मी ही फेरी चोरीनंतर मारली. मागच्या भिंतीला टेकवलेली आमचीच ॲल्युमिनियमची शिडी तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोळ्यांना दिसली. गेली सहा वर्षं ती तिथेच होती.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी जिना, गच्चीचं दार, डक्ट आणि पाइप बघावेत. पहिला मजला आणि सगळ्यात वरचा मजला या दोघांनी जास्त काळजी घ्यायची, एकाला खालून वाट असते आणि दुसऱ्याला गच्चीवरून.

दार: कोयंडा, चौकट, बिजागरी

दाराचा सगळ्यात कच्चा भाग आधी मोडतो, आणि तो भाग सहसा कुलूप नसतो. म्हणून सुतार बोलवाल तेव्हा या गोष्टी त्याच क्रमाने करून घ्या.

कडी-कोयंडा जाड पट्टीचा घ्या आणि असा निवडा की बंद केल्यावर त्याचे स्क्रू पट्टीखाली झाकले जातील. फळीच्या बाजूला स्क्रू नकोतच. आरपार नट-बोल्ट टाका आणि नट दाराच्या आतल्या बाजूला येऊ द्या. चौकटीच्या बाजूला तीन इंची स्क्रू लावा, म्हणजे ते लाकडातून पुढे भिंतीत पकड घेतात. सुतार म्हणेल, एवढे लांब कशाला? तुम्ही हटून राहा. आमच्या सुताराने अर्ध्या तासात हे काम केलं, आणि सामानाचा खर्च त्या जुन्या कुलपापेक्षा कमी आला.

चौकट वाळवीने पोखरली आहे का ते पेचकस खुपसून बघा, विशेषतः उंबरठ्यापासून हातभर उंचीपर्यंत. रंगाखाली लाकडाचा भुगा झालेला असेल तर त्यावर कितीही भारी कडी लावून उपयोग नाही. बिजागऱ्या तीन तरी हव्यात. दार बाहेर उघडणारं असेल तर बिजागरीची खीळ बाहेर राहते आणि ती ठोकून काढता येते. तिथे खीळ न निघणाऱ्या बिजागऱ्या बसवून घ्या.

पुढच्या दाराला लोंबतं कुलूप शक्यतो नको. बाहेरून दिसणारं कुलूप म्हणजे घरात कोणी नाही ही पाटीच. दारातच बसवलेलं लॉक असलं की आत माणूस आहे की नाही हे रस्त्यावरून कळत नाही. मात्र लॅच नुसतं ओढून घेऊ नका. ओढल्यावर बसणारी जीभ फटीतून पातळ पट्टीने मागे सरकवता येते. किल्ली फिरवून डबल लॉक करायचंच, भाजी आणायला कोपऱ्यावर जात असलात तरी. लोंबतं कुलूप लावावंच लागलं तर ज्याची कडी बाहेर कमीत कमी दिसते असं घ्या.

लोखंडी जाळीचं दार असेल तर तिच्या मोकळ्या जागेतून हात घालून आतली कडी निघते का ते स्वतः करून बघा. आमची निघत होती. कडीभोवती पत्रा वेल्ड करून घेतला.

दांडिया बाजारच्या माहेरच्या वाड्यात मोठ्या दाराला आतून अडसर होता. दोन्हीकडच्या भिंतींत खोबणी आणि त्यांत सरकणारा सागवानी ओंडका. रात्री आजोबा तो सरकवायचे त्याचा आवाज माडीवर ऐकू यायचा. आज तेच काम लोखंडी आडवी पट्टी करते. दाराच्या आतून दोन मजबूत हुक आणि मधे पट्टी, एवढंच लागतं. घरात एकटं वयस्कर माणूस झोपत असेल तर हे जरूर करून घ्या. फक्त पट्टी अशी असावी की थरथरत्या हातांनीही झटकन काढता येईल.

खिडक्या, गच्ची आणि मागची बाजू

ग्रिल भिंतीत रोवलेलं आहे की नुसतं लाकडी चौकटीवर स्क्रूने बसवलं आहे, ते तपासा. स्क्रूवालं असेल तर स्क्रूची डोकी वेल्ड करून टाका. सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांची तावदानं वर उचलली की रुळातून बाहेर येतात. वरच्या रुळात एक स्क्रू टाकला की उचलणं थांबतं आणि खालच्या रुळात मापाची काठी ठेवली की सरकणं थांबतं. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांची खिडकी सर्वांत फसवी, पट्ट्या एकेक करून आवाज न होता निघतात. तिला बाहेरून ग्रिल हवंच.

सगळं घर पिंजऱ्यासारखं बंद मात्र करू नका. आग लागली तर बाहेर पडायला एका तरी खिडकीचं ग्रिल आतून उघडणारं असावं. त्याची किल्ली जवळच ठेवा, पण खिडकीतून हात घालून मिळणार नाही अशा जागी, आणि ती कुठे आहे हे घरातल्या लहानथोर सगळ्यांना ठाऊक हवं.

गच्चीचं दार हा आपल्याकडचा दुखरा भाग आहे. जुन्या शहरातल्या पोळींमधून, म्हणजे घराला घर लागून असलेल्या गल्ल्यांमधून, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर सहज जाता येतं आणि रो-हाउसमध्येही दोन घरांत कमरेएवढी भिंत असते. तरीही पुढचं दार सागाचं आणि गच्चीचं दार पातळ पत्र्याचं, असं अनेक घरांत दिसतं. गच्चीच्या दाराला पुढच्या दाराइतकीच कडी लावा.

घर रिकामं आहे हे कशावरून कळतं

बंद घर फोडण्याआधी टेहळणी होते. कोणी बेल वाजवून पत्ता विचारतो, कोणी दुपारी काहीतरी विकायला येतो. त्यांच्या नजरेला काय पडतं ते बघा: दारात साचलेली वर्तमानपत्रं, फाटकाला अडकवलेली दुधाची पिशवी, तीन दिवसांची पानं न झाडलेला ओटा, भर दिवसा जळणारा बाहेरचा दिवा. रोज रांगोळी घालणाऱ्या घरापुढचा उंबरठा कोरा दिसला तर तेही लक्षात येतं. आम्ही गावाला जाताना आता शेजारच्या बेन आमच्या दारात रोज दोन रेघा ओढतात, त्या गावाला गेल्या की मी त्यांचं तुळशीला पाणी आणि झाडलोट बघते. दूध आणि पेपर दोन दिवस आधीच बंद करायला सांगा, आणि सांगताना किती दिवस जाणार ते जिन्यात मोठ्याने बोलू नका.

आतला एक दिवा टायमरवर लावा, संध्याकाळी सातला लागून साडेदहाला विझेल असा. रात्रभर जळणारा दिवा कोणाला फसवत नाही. बाहेर, विशेषतः मागच्या बाजूला, हालचाल झाली की लागणारा सेन्सरचा दिवा बसवा. प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका. घरच्या मुलांना हे समजावून सांगायला लागतं, आणि सांगताना कारणही सांगा, म्हणजे ती पाळतात.

बडोद्याचं वर्ष

आपल्या गावात घरं कधी रिकामी पडतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, म्हणून तयारीही त्या त्या दिवसांची हवी.

उत्तरायणाला, म्हणजे १४ जानेवारीला आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणाला, सगळं घर गच्चीवर असतं. वर स्पीकर, चिक्की, उंधियू, आणि खाली दार नुसतं लोटलेलं. जिन्यातून चढणारा अनोळखी माणूस कोणाचा तरी पाहुणा वाटतो. त्या दिवशी पुढचं दार किल्लीने बंद करा आणि किल्ली एकाच माणसाच्या खिशात राहू द्या. पतंग काढायला आणलेले बांबू आणि शिड्या रात्री आत घ्या.

नवरात्रात गरबा बारापर्यंत चालतो आणि तोवर घरं बंद असतात, तीही सलग नऊ रात्री, त्याच वेळेला. सोसायटीत पाळी लावा, रोज दोन घरांनी थांबायचं. आमच्या गल्लीत गुडघे दुखणाऱ्या दोन काकू आणि एक आजोबा खुर्च्या टाकून चौकात बसतात, आम्ही त्यांच्यासाठी येताना खायला आणतो. यापेक्षा चांगला पहारा मी पाहिलेला नाही. मे महिना आणि दिवाळी हे गावी जाण्याचे दिवस, तेव्हा दोन शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात निघू नये एवढं जमवा.

आणि विश्वामित्री नदीचं पाणी. ऑगस्ट २०२४ च्या पुरात कित्येक घरांतली माणसं नातेवाइकांकडे गेली, वीज गेली आणि कॅमेरे बंद पडले. पावसाळ्याआधी एक पिशवी भरून ठेवा: घराचे कागद, पासबुकं, औषधं, थोडी रोकड, नेहमीचे दागिने. घर सोडताना वरच्या मजल्याचीही दारं-खिडक्या बंद करून निघा. पाण्याच्या घाईत बहुतेकांचं वर लक्षच जात नाही.

पावसाळ्यात चोरांच्या टोळ्या आल्याचे मेसेजही फिरतात. पडताळणी न करता ते पुढे पाठवू नका. अनोळखी माणूस संशयित वाटला तर ११२ ला फोन करा. जमावाने मारहाण केली तर निरपराध माणसाचा जीव जातो.

दागिने, चांदी आणि कागद

लोखंडी कपाट ही तिजोरी नव्हे. हँडलपाशी कटावणी घातली की ते काही मिनिटांत उघडतं. आमचंही उघडलं. कपाटात कपडे ठेवा, फार तर महिन्याच्या खर्चाचे पैसे. छोटी तिजोरी घेणार असाल तर ती आतून भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट करून घ्या, नाहीतर चोर तिजोरीच उचलून नेतो. देवघराखालचा खण, तांदळाचा डबा, गादीखाली, साड्यांच्या घडीत, या जागा आपल्या सगळ्यांच्या सारख्याच आहेत आणि चोराला पाठ आहेत.

रोज न लागणारं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, पण नियम समजून घेऊन. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा बँक कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे लॉकरमधल्या वस्तू गेल्या तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. भाडं ३,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त ३ लाख. पूर किंवा भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीची जबाबदारी बँकेवर येत नाही. म्हणून आपल्या गावात लॉकर घेताना तो तळघरात आहे की वरच्या मजल्यावर, हे आधी विचारा.

आता जे काम मी सगळ्यात कळवळून सांगते ते: यादी करा. पंचनाम्याच्या वेळी मला विचारलं, काय काय गेलं, वर्णन सांगा. सासूबाईंची मोहनमाळ गेली होती. तीस वर्षं मी ती पाहत होते, पण पदर किती, फासा कसा, वजन किती, यातलं एकही नक्की सांगता येईना. शेवटी दिराच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो सापडला, त्यात पदराखालून माळेचा अर्धा भाग दिसतो. तेवढाच पुरावा.

एका दुपारी पांढऱ्या चादरीवर एकेक दागिना ठेवा, शेजारी पट्टी ठेवा, पुढून आणि मागून फोटो काढा. फासा, दुरुस्तीचा डाग, तुटलेली कडी जवळून टिपा, ओळख पटते ती अशा खुणांनी. वजन लिहा. नव्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, कोरलेला असतो, १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे सोन्याचे दागिने या क्रमांकाशिवाय विकता येत नाहीत. तो भिंगातून वाचून यादीत उतरवा, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पडताळाही. मोबाइलवर *#०६# दाबून आयएमईआय नंबर (फोनचा ओळख क्रमांक) घ्या, टीव्ही आणि लॅपटॉपचे सीरियल नंबर, गाडीचा चासी नंबर हेही त्याच यादीत. बिलांचे फोटो जोडा. यादीची एक प्रत घराबाहेर, मुलीकडे किंवा भावाकडे ठेवा.

चांदीच्या भांड्यांवर नाव घालून घ्या. पूर्वी मुंजीत, लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव आणि तिथी कोरायची पद्धत होती, ती विक्रीच्या वेळी भाव कमी येतो म्हणून आपण सोडली. आमच्या घरून ताम्हन, अत्तरदाणी, गुलाबदाणी, तांब्या असं सगळं गेलं. परत आला तो एकटा तांब्या, कारण त्याच्या काठावर आजेसासूबाईंचं नाव होतं.

विम्याबद्दल थोडक्यात. १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आग, पूर, भूकंप यांसाठी आहे. अशा आपत्तीनंतर ७ दिवसांत त्याच घरात झालेली चोरी तिच्यात येते, पण एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं. घरफोडीच्या बहुतेक पॉलिसींना जबरदस्तीने शिरल्याच्या खुणा लागतात. दार उघडं राहिलं आणि चोरी झाली, तर दावा अडकतो.

कॅमेरा

दार-खिडक्यांची कामं झाल्यावर कॅमेरा घ्या. तो छताला चिकटवला तर फक्त टोप्या आणि डोकी दिसतात. दारापाशी एक कॅमेरा चेहरा पकडेल एवढ्या खाली आणि हात पोचणार नाही एवढा वर हवा. रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली ठेवू नका, चोर जाताना तोच घेऊन जातात. माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवा आणि फोनवर किंवा क्लाउडवरही रेकॉर्डिंग जाईल असं बघा. राउटरला छोटा यूपीएस लावा, आणि बाहेरच्या मीटरच्या पेटीला कुलूप. महिन्यातून एकदा जुनं रेकॉर्डिंग खरंच उघडतं का ते बघा.

किल्ल्या आणि घरात येणारी माणसं

कुंडीखाली, चपलांच्या कपाटात, मीटरच्या पेटीत किल्ली ठेवू नका. विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवा आणि तिच्यावर घर नंबर लिहू नका. भाड्याचं घर घेतलंत तर पहिल्याच दिवशी लॉक बदला.

गल्लीत ओरडत येणाऱ्या चावीवाल्याला कपाटाची चावी करायला आत घेतलंत तर क्षणभरही त्याला एकटं सोडू नका, पाणी मागितलं तरी. दागिन्यांना पॉलिश करून देतो म्हणणाऱ्याला दाराबाहेरूनच परत पाठवा. कामाला माणूस ठेवताना ओळखपत्र, फोटो आणि गावचा पत्ता घ्या. गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर घरकामगार आणि भाडेकरू यांची नोंद करता येते, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंदही होते. हे करताना माणसाचा मान राखा. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना मी आधी सांगितलं, हा नियम सगळ्यांना आहे, आणि फॉर्म त्यांच्यासमोरच भरला. चोरीनंतर पहिला संशय त्यांच्यावर घेणारे नातेवाईक होते, ते माझ्या मनाला फार लागलं.

चोरी झालीच तर

दार उचकटलेलं दिसलं की आत जाऊ नका. चोर आत असू शकतो. बाहेर उभं राहून ११२ ला फोन करा, शेजाऱ्यांना हाक मारा. पोलीस येईपर्यंत कपाट, हँडल, सांडलेलं सामान काहीही हात लावून आवरू नका. मी रडत रडत देवघर आवरायला घेतलं होतं. ठसे घेणारी माणसं आली तेव्हा त्यांना तिथे माझेच ठसे मिळाले.

गुजरातमध्ये वाहन आणि मोबाइल चोरीसाठी ई-एफआयआर आहे, पण घरफोडीला पंचनामा लागतो, म्हणून ठाण्यात जाऊन एफआयआर नोंदवा. भारतीय न्याय संहितेतलं कलम ३०५ राहत्या घरातल्या चोरीचं आणि कलम ३३१ घर फोडून शिरल्याचं आहे. एफआयआरमध्ये दोन्ही आली का ते वाचून बघा, विम्याला दुसऱ्याचा उपयोग होतो. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती घेऊनच ठाण्यातून निघा. त्या क्षणी सगळं आठवत नाही, नंतर लक्षात आलेल्या वस्तूंची पुरवणी यादी लेखी द्या आणि पोच घ्या.

त्याच दिवशी चेकबुक आणि कार्डं बंद करा, विमा कंपनीला कळवा. मोबाइल गेला असेल तर त्याच नंबरचं नवीन सिम घ्या आणि एफआयआरच्या प्रतीसह केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करा. रात्री झोपण्याआधी दाराची तात्पुरती का होईना दुरुस्ती करून घ्या.

माल सापडला तर तो मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतो. गुजरात पोलिसांचा ‘तेरा तुझको अर्पण’ हा उपक्रम त्यासाठीच आहे. ओळख पटवायला फोटो, बिल, यादी आणि एफआयआरची प्रत घेऊन जा. वस्तू ताब्यात देताना हमीपत्र लिहून घेतात, की खटला संपेपर्यंत ती विकणार नाही, तिचं रूप बदलणार नाही आणि बोलावलं की हजर करू. म्हणून आमचा तांब्या अजून पॉलिश केलेला नाही. त्याच्या काठाला पोचा आला आहे, तोही तसाच ठेवला आहे.